कोपऱ्यातली जाळी

रोज संध्याकाळी त्या घराच्या दारात एका सरकारी माणसाला अडवलं जायचं.

"तिथेच थांबा," आतून आवाज यायचा, आणि रखवालदार खांद्यावरची पिशवी न उतरवता पायपुसण्यावर उभा राहायचा. मग नगरपालिका बाहेर यायची. नगरपालिका म्हणजे त्याची बायको. हे नाव त्यानंच ठेवलेलं, पण चारचौघांत ते उच्चारायची त्याची छाती नव्हती. ती त्याच्या पायाशी बसायची आणि मोज्यांना, पँटच्या कडांना चिकटलेली कुसळं, बिया, काट्यांची टोकं एकेक करून उपटून ओंजळीत धरायची. ओंजळ भरली की थेट कचऱ्याच्या डब्यात. हात चालू असताना तोंडाचा पट्टाही चालूच.

"सगळं रान घरी कशाला आणता? तिथं काय वाईट आहे त्याला?"

"त्यालाही एकदा बघायचं असेल, एवढं चकचकीत घर कसं असतं ते," तो वरून म्हणायचा. तिला हसू यायचं, पण ते त्याला दिसू नये म्हणून ती मान वर करायची नाही.

हमरस्त्यावरच्या लॉजमध्ये ती खोल्या आवरायची. ऐन तरुणपणी तिथं लागली आणि पुढे आवरणाऱ्या सगळ्याजणींची मुकादम झाली. ट्रकवाले, औषधं विकणारे, परीक्षेला आलेली पोरं, भांडून घराबाहेर पडलेले नवरे, असले पाहुणे यायचे, एक रात्र झोपायचे आणि पुढे जायचे. त्यांनी मागे ठेवलेल्या पसाऱ्यावरून माणूस कसा असेल ते ती बरोबर सांगायची, आणि मग तो माणूस ती पुसून टाकायची. नव्या मुलींना तिचा पहिला धडा हाच असायचा. चादरीला सुरकुती चालत नाही, न्हाणीच्या जाळीत केस चालत नाही, दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं तर बोट काळं होता कामा नये, हे सगळं नंतर. आधी उशी नाकाला लावून बघायची. उशीला कालच्या माणसाचा वास आला तर खोली तयार नाही.

लॉजमधली ही शिस्त घरी यायची नाही असं कसं होईल? रखवालदारानं चहाचा कप खाली ठेवून मान वळवली की कप धुऊन उपडा पडलेला असायचा, तळाशी चहा असला तरी. अर्धा वाचलेला पेपर घडी होऊन रद्दीत जायचा. "अगं, राहू दे तेवढं," तो म्हणायचा. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं 'तेवढं' एकदाही राहू दिलं नव्हतं.

आणि हा माणूस करायचा काय? तर बघत बसायचा. त्याची नोकरीच ती.

गावामागच्या डोंगरांवर पूर्वी थोरल्याचं रान होतं. थोरला हे त्या झाडाचं गावातलं नाव. बाकीची झाडं त्याच्यापुढे धाकटी, म्हणून तो थोरला. कठीण लाकूड, हळू वाढ. लाकडाला भाव आला आणि ते रान गेलं. मागाहून झटपट वाढणाऱ्या परक्या झाडांच्या रांगा लावल्या, शाळेतल्या कवायतीसारख्या सरळ. त्यांच्याखाली गवतही धड उगवेना. झरे उन्हाळ्याआधीच आटायला लागले, उन्हाळा दरवर्षी आदल्या वर्षाला मागे टाकायला लागला, आणि एका वर्षी जोराच्या पावसात अर्धी टेकडी रस्त्यावर आली. तेव्हा कुठे वनखात्याच्या कार्यालयाला जाग आली. एका उतारावरच्या रांगा तोडून झाल्या की तिथं पुन्हा काही लावायचं नाही असं ठरलं. कुंपण घालायचं, फाटकाला कुलूप लावायचं आणि मूळचं रान आपलं आपण परत येतं का ते बघायचं. काही वर्षांनी तपासणी. थोरल्याची रोपं दिसली तर बाजूचे उतारही असेच मोकळे सोडायचे. नाही दिसली तर पुन्हा रांगा.

तिथला रखवालदार म्हणून त्याला नेमलं. गावानं लगेच 'गवताचा पहारेकरी' अशी पदवी दिली. तिची बहीण फोनवर विचारायची, "भाऊजी सध्या काय करतात गं?" ही म्हणायची, "बघतात." पुढे दोघी खूप वेळ हसायच्या, आणि फोन ठेवल्यावर हिला जरा वाईट वाटायचं.

कारण त्याच्या मनात काय आहे ते तिला ठाऊक होतं. शेवटच्या थोरल्यांच्या सावलीत तो लहानाचा मोठा झालेला. ती शहराकडची, तिनं ते झाड पाहिलेलंच नव्हतं. "त्याच्या पानांचा आवाज वेगळा असतो," तो सांगायचा. "वारा आला की बाकीची झाडं सळसळतात. हा तसा नाही वाजत."

"मग कसा वाजतो?"

"ते सांगून नाही कळायचं. म्हातारपणी तुला थोरल्याच्या सावलीत नेऊन बसवीन, तेव्हा ऐक."

"तोवर माझे कान शाबूत राहिले म्हणजे मिळवली," ती म्हणायची आणि त्याच्या हाताखालचा कप उचलायची.

म्हातारपण दाराशी यायच्या आतच त्याच्या छातीत कळ आली. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि तपासण्यांसाठी तिथंच लेकीकडे बरेच दिवस राहणं आलं. पहिले दिवस ती सोबत होती. नवऱ्याला नळ्या लावलेल्या होत्या. त्याची चादर चुकीची खोचलेली होती, कोपरा लोंबत होता. तो नीट करायला ती पुढे झाली, तर नर्स म्हणाली, "हात लावू नका, मावशी." आपल्या माणसाची चादरही आपल्याला नीट करता येत नाही, हे तिच्या मनाला फार लागलं. पुढे लॉजची रजा संपली आणि ती एकटीच परतली.

रखवालदार परत येईपर्यंत फाटकाची किल्ली तिच्याकडे ठेवायला कार्यालयानं हरकत घेतली नाही. त्यानं फोनवर बजावलं, "कुंपण बघ. शेळ्या आत येऊ देऊ नकोस."

"आणि?"

"आणि काही नाही."

"काहीच करायचं नाही?"

"काहीच करू नकोस. बसायचं आणि बघायचं."

त्याचा आवाज दमलेला होता. आपल्याला त्रास नको म्हणून म्हणतोय, असं तिनं मनात ठरवून टाकलं. लॉजवरची पाळी संपल्यावर दुपारी तिनं जन्मात पहिल्यांदा ते फाटक उघडलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. जिकडे तिकडे काटेरी जाळ्या, काही तर तिच्या डोक्याच्या वर गेलेल्या. वाळलं गवत, कुजकी पानं, पडक्या फांद्या, एकात एक अडकलेल्या वेली. एवढी वर्षं हा माणूस इथं करत काय होता? पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, बिचाऱ्याच्या छातीत तेव्हापासूनच दुखत असणार. काम झेपत नव्हतं आणि बोलायची लाज वाटत होती. त्या विचारानं तिचे डोळे भरून आले, आणि तिनं पदर खोचला.

लॉजमधले रबरी मोजे हातात, शेजाऱ्याचा कोयता, एक दाताळं. रोज दुपारी ती जाळ्या बुडापासून तोडायची, ओढत नेऊन कुंपणाबाहेर टाकायची, पानं दाताळ्यानं गोळा करायची. मोज्यांतून काटे आत घुसायचे. तिला त्याचं काही नव्हतं; उलट फार दिवसांनी तिला गाढ झोप लागायला लागली. दवाखान्यात ज्या हातांना काही करू दिलं नव्हतं, त्यांना इथं अडवणारं कोणी नव्हतं. तो परत येईल, फाटकात उभा राहील आणि त्याचा चेहरा उजळेल, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून तिनं अख्खा उतार साफ केला. वरच्या कोपऱ्यातली एक जाळी तेवढी राहिली. तिथं पोचली त्याच दिवशी तळहातात एक काटा खोल गेला आणि मोडला, आणि घरी येते तो लेकीचा फोन, "आई, बाबांना उद्या घेऊन येते."

तो आला तो म्हणाला, आधी उतारावर जाऊ. लेक नको म्हणत होती, पण ही मनातून खूश झाली. तीच पुढे झाली. फाटक उघडून बाजूला उभी राहिली, लॉजमध्ये पाहुण्याला खोली दाखवताना राहायची तशी.

तो फाटकातच थांबला. भलत्याच खोलीचं दार उघडलेला माणूस जसा उंबऱ्यावर गोंधळतो, तसा त्याचा चेहरा क्षणभर झाला. चालून दम लागला असेल, असं तिला वाटलं. उतार लख्ख दिसत होता, दाताळ्याच्या रेघासुद्धा सरळ होत्या.

"हे सगळं तू एकटीनं केलंस?" त्यानं विचारलं.

"मग काय कार्यालय येणार होतं?"

 मग त्यानं तिचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला. तळहातावर ओरखड्यांची जाळी आणि मधोमध काळा झालेला काटा. तिथंच दगडावर बसून त्यानं नखानं तो काटा काढला, फार हळू, तिला दुखू नये म्हणून. "खूप राबलीस गं," एवढंच तो म्हणाला. मग उठून सावकाश वर चालत गेला आणि कोपऱ्यातल्या त्या राहिलेल्या जाळीपुढे बसला.

दुसऱ्या दिवशी ती कोयता घेऊनच गेली.

"राहू दे तेवढं," तो म्हणाला.

"अहो, एवढंच तर राहिलंय. सगळ्याची शोभा जाते त्यानं."

"राहू दे. मला टेकायला बरं."

"काट्यांना टेकणार?"

"हो," तो म्हणाला. त्याचा आवाज काही तरी वेगळाच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं 'तेवढं' राहू दिलं. आजारी माणसाशी काय वाद घालायचा?

त्यानंतर रोज तो तिथं जाऊन बसायचा. टेकायचा मात्र नाही. जाळीकडे तोंड करून बसायचा, साऱ्या साफ केलेल्या उताराकडे पाठ. "एवढं जिवाचं रान करून मी साफसफाई केली," तिनं लेकीला फोनवर सांगितलं, "आणि तुझे बाबा बघत बसतात कुठं, तर काट्यांकडे." लेक म्हणाली, बसू दे गं, त्यांना बरं वाटतंय ना.

थंडी सरायच्या आत तो गेला. झोपेतच गेला, कुणाला हाक मारली नाही.

माणसं आली, चार दिवस राहिली, गेली. लेकही गेली. मग ती उठली आणि तिला येत होतं ते तिनं केलं. चादरी आणि उशांचे अभ्रे धुतले, उशा उन्हात टाकल्या, त्याचे सदरे उकळत्या पाण्यात बुडवले, मोज्यांची जोडी जोडी लावली, औषधाच्या बाटल्या फेकल्या, खिडकीच्या काचा पुसल्या, चौकटीवरून बोट फिरवलं. संध्याकाळपर्यंत खोली तयार झाली. मग ती खाटेवर टेकली आणि सवयीनं उशी नाकाला लावली. साबणाचा वास आला. दुसरी घेतली, तिलाही तोच. कपाटातला एकेक सदरा तिनं काढला, नाक खुपसून पाहिला. कशातही तो नव्हता. धंद्याचा हात घरात चालला होता, आणि तिनं आपल्याच नवऱ्याला पुसून टाकलं होतं. त्या दिवशी ती मोठ्यानं रडली, आधीच्या चार दिवसांत रडली नव्हती इतकी.

गवताचा पहारा द्यायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून किल्ली तिच्याकडेच राहिली. ऊन तापायला लागलं तशी तोडलेल्या बुंध्यांमधून कोवळी रोपं वर आली. ती हरखून गेली. पण थोड्याच दिवसांत एकेकाचा शेंडा गायब झाला, मग पानं, मग काहीच उरलं नाही. शेळ्या तर आत येत नव्हत्या. सकाळी लवकर जाऊन पाहिलं तर ससे, आणि कुंपणावरून उडी मारून आलेलं हरीण. ती टाळ्या वाजवत धावली, आणि ती गेल्यावर ते परत आलं असणारच.

असंच एक दिवस कार्यालयातल्या मॅडम तपासणीला आल्या. लेकीच्या वयाच्या, खांद्यावर मोजपट्टीची काठी. फाटकातून आत आल्या आणि थबकल्या.

"काकू, इथल्या जाळ्या कुठे गेल्या?"

"मी साफ केल्या," ती म्हणाली. आवाजात थोडा तोरा होताच.

मॅडम उगाच रागावल्या नाहीत. खाली बसल्या आणि समजावून सांगितलं. एक पक्षी थोरल्याच्या बिया लांबून आणतो, पुढे खायला म्हणून जाळ्यांत पुरतो आणि काही विसरतो. त्या रुजतात. भोवती काटे असतात म्हणून ससा किंवा हरीण तोंड घालू शकत नाही. जाळी त्या रोपाला लहानाचं मोठं करते, आणि रोप मोठं होऊन वर निघालं की त्याच्याच सावलीत जाळी मरून जाते.

ती ऐकत होती.  "हे त्यांना माहीत होतं?"

"त्यांनीच तर मागच्या खेपेला जाळ्या बाजूला करून करून मला आतली रोपं दाखवली. चांगली बरीच होती."

"मग ती रोपं..."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं नाही. "कोयत्याला काय कळतं, काकू," त्या म्हणाल्या.

ती उठली आणि वरच्या कोपऱ्याकडे चालायला लागली. मॅडम मागून आल्या. त्या जाळीपुढे गवत दबून एक जागा बसकी झाली होती. तिथं गुडघे टेकून तिनं उघड्या हातांनी काटे दूर केले. आत अंधारात एक सरळ, बारीक खोड होतं, तिच्या छातीएवढं उंच, रुंद पानांचं. तो थोरला होता. तिनं आयुष्यात पाहिलेला पहिला थोरला.

मॅडमनी मोजला, लिहून घेतलं. "एकावर भागणार नाही," त्या म्हणाल्या. "पण एक आहे म्हणजे बाकीचे येऊ शकतात. मी मुदत वाढवून मागते. मिळाली नाही तर मात्र इथं रांगा लागतील, आणि बाजूच्या उतारांवरही."

"मी काय करू?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"जाळ्या परत येऊ द्या. बसा आणि बघा."

मॅडम गेल्यावर ती त्या बसक्या जागेवर बसली. तिथून पाहिलं तर काट्यांमधल्या एका फटीतून खोडाचा तुकडा आणि दोन पानं दिसत होती. तो रोज हे बघत होता. शेजारी त्याची बायको कंबरेवर हात ठेवून आपल्या सफाईची तारीफ ऐकायला उभी होती, आणि तो बोलला नाही. तिला त्याचा भयंकर राग आला. बोलायचं होतंत की हो. एकदा तरी ओरडायचं होतंत, इतक्या वर्षांत मी रोज ओरडत होते तुमच्यावर. आता कुठून आणू तुमचं ओरडणं? तिनं हे मोठ्यानंच म्हटलं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

मुदत मिळाली. आणि स्वस्थ न बसणाऱ्या बाईच्या वाट्याला स्वस्थ बसण्याची नोकरी आली. पहिल्या वर्षी तिचे हात शिवशिवायचे. समोर वाळकी फांदी पडलेली बघवायची नाही. ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसायची. पुढे सवय झाली. बुडातून तोडलेल्या जाळ्या फुटल्या, दाट झाल्या, पुन्हा डोक्यावर गेल्या. एका जाळीत रोप दिसलं, मग खाली दुसऱ्या जाळीत. तिनं कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. एकदा लेक राहायला आली तेव्हा अंगणात पानांचा थर साचलेला बघून तिनं आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आई, तुला बरं आहे ना?" म्हणून दिवसभर मागे लागली होती.

शेवटी मॅडम पुन्हा आल्या, दिवसभर जाळ्या उचकटत फिरल्या, आणि जाताना म्हणाल्या, "काकू, रांगा लागणार नाहीत. बाजूचे उतारही सोडणार आहोत." तिनं मान हलवली. मग विचारलं, "सावलीत बसण्याएवढं कधी होईल?"

मॅडम हसल्या. "तुमची नात म्हातारी होईल तेव्हा."

मॅडमची गाडी गेल्यावर ती वरच्या कोपऱ्यात गेली. थोरला जाळीच्या चांगला वर निघाला होता. त्या बसक्या जागेवर ती बसली. ऊन कलत होतं, आणि त्या वेळी थोरल्याची सावली नेमकी तिथं पडली. केवढी, तर मांडीवर मावेल एवढी. थोड्या वेळानं सावली सरकली, तशी तीही तिच्यामागे सरकली. वारा आला. वरची पानं हलली, आणि सळसळीसारखा नसलेला, जरा जाड, सावकाश असा काहीतरी आवाज झाला. म्हातारपणी तिला नेऊन बसवणार होता त्या माणसाला विचारायला हवं होतं, हाच का तो? ती दुसऱ्या वाऱ्याची वाट बघत बसून राहिली, नीट ऐकता यावा म्हणून.

अंधार पडायच्या बेताला ती घरी आली. दाराशी पायपुसण्यावर पाऊल ठेवलं आणि खाली पाहिलं. मोज्यांना, साडीच्या काठाला कुसळं, बिया, काट्यांची टोकं. आता हे सगळं ती डब्यात टाकत नसे. पिशवीतल्या रुमालात गोळा करायची आणि सकाळी परत रानात नेऊन सोडायची. ती वाकणार, एवढ्यात थांबली. आत दिवा लागलेला नव्हता.

खांद्यावरची पिशवी न उतरवता ती तशीच उभी राहिली, आतून कुणी काही म्हणतंय का ते ऐकत.